कपाटाच्या दारांची घासाई आणि कडा : कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

कपाटाची १२ दारे आता घासाईला घेतली आहेत. त्यांतील ८ दारे सागाच्या चौकटीची आहेत: दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या पट्ट्या आणि मध्ये खाचेत सैल बसणारे सागाचेच पॅनल. उरलेली ४ सपाट आहेत; त्यांना प्लायवूडवर सागाचा व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) असून चारही बाजूंना भरीव सागाच्या पट्ट्यांचे लिपिंग आहे. सगळ्यांवर वॉटरबेस पीयूचा (पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचा) मॅट लेप द्यायचा ठरले आहे आणि घासाईचे पुढचे जवळपास सगळे निर्णय या निवडीला धरून घ्यावे लागणार आहेत.

या नोंदी मुख्यतः कडांसाठी ठेवतो आहे. कपाटाचे दार जुने दिसू लागते ते कडेपासून. उघडताना हात लागतो तो कडेला, पुसताना ओले फडके अडते ते कडेला, आणि लेप मुळातच सर्वांत पातळ असतो तोही कडेलाच. याचे कारण पृष्ठताणात आहे. ओला लेप तीक्ष्ण धारेवर ठरत नाही. धारेच्या तीव्र वळणामुळे तिथला द्रव दोन्ही बाजूंच्या सपाट भागाकडे सरकतो, धार जवळजवळ उघडी पडते आणि तिच्यापासून जरा आत लेपाची जाड वळी उमटते. वाळताना लेप आकसतो तेव्हा ही तफावत आणखी वाढते. धारेला थोडी गोलाई दिली, की तोच द्रव वळणावरून अखंड पसरतो. लोखंडाच्या रंगकामात हा नियम लेखी स्वरूपात आहे. जहाजांच्या बॅलस्ट टाक्यांमधील लेपासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ मध्ये जे मानक स्वीकारले, त्यात कडांना किमान २ मिमी त्रिज्येची गोलाई द्यावी किंवा ग्राइंडरचे तीन हात मारावेत, असे सांगितले आहे. कपाटाच्या दाराला समुद्राचे पाणी सोसायचे नाही, म्हणून मी १ ते १.५ मिमी त्रिज्या धरली आहे. तीन हातांची पद्धत मात्र जशीच्या तशी घेणार आहे.

४ नोव्हेंबर

चौकटींची जुळणी अजून केलेली नाही, कारण पॅनल आधी पूर्ण घासून त्यांना लेपाचा पहिला हातही द्यायचा आहे. पॅनल चौकटीत अडकले, की त्याच्या चारही बाजूंच्या कोपऱ्यांत सँडपेपर नीट फिरत नाही आणि तिथे आडवे ओरखडे राहतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडा होईपर्यंत साग वार्षिक वलयांना समांतर असलेल्या दिशेने साधारण ५.८ टक्के आकसतो आणि त्याला काटकोनात असलेल्या दिशेने साधारण २.५ टक्के. लाकडातील ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे हिशेब केला, तर ३०० मिमी रुंदीचे, वलये रुंदीला समांतर असलेले पॅनल ओलावा ४ टक्क्यांनी उतरल्यावर सुमारे २ मिमीने अरुंद होते. दार जुळवून झाल्यावर लेप दिला असता, तर कोरड्या हवेत पॅनल आकसताच खाचेतून उघड्या लाकडाची फिकट रेघ दोन्ही बाजूंना दिसू लागली असती. लेप खाचेच्या आतपर्यंत गेलेला असला, की पॅनल सरकले तरी रंग सलग दिसतो.

पॅनलवर रंध्याच्या यंत्राच्या बारीक लाटा होत्या, म्हणून सुरुवात पी१२० क्रमांकाच्या पेपरने केली, त्यानंतर पी१५० आणि शेवटी पी१८०. पेपरवरचा क्रमांक म्हणजे कणांच्या आकाराची प्रतवारी आहे. पी२२० पर्यंतचे कण चाळण्यांनी निवडलेले असतात, त्याहून बारीक कण द्रवात खाली बसण्याच्या वेगावरून वेगळे केलेले असतात. पी८० चा कण सरासरी २०१ मायक्रॉनचा, पी१२० चा १२५, पी१८० चा ८२ आणि पी३२० चा ४६ मायक्रॉनचा. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले, की मधला क्रमांक गाळून थेट पी८० वरून पी१८० वर उडी मारणे का महागात पडते ते लगेच कळते. जाड कणाने पाडलेली दरी बारीक कणाला तळापर्यंत खरवडावी लागते. तेवढा वेळ कोणी देत नाही, आणि तळाशी उरलेले ओरखडे लेपाखाली उठून दिसतात. नवा क्रमांक आधीच्या क्रमांकाच्या दीडपटीच्या पुढे नेऊ नये, हा माझा हिशेब आहे.

पॅनलचा उंच भाग आणि त्याभोवतीचा उतार यांच्यामधली धार मी हाताने, पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून केली. या आतल्या रेषेवर मोकळ्या बोटाने पेपर फिरवला, तर ती बुजते आणि दाराचा आकारच मंद होतो. ती रेषा स्पष्ट राहिली पाहिजे. तिला फक्त टोचणार नाही इतपत स्पर्श पुरेसा आहे.

५ नोव्हेंबर

आठही चौकटी जुळवल्या. कुसू आणि सालीच्या सांध्यांतून (एका पट्टीचे जिभेसारखे टोक दुसरीच्या खाचेत बसते तिथून) बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला नाही. पुसलेला गोंद पातळ होऊन सागाच्या मोठ्या रंध्रांत शिरतो आणि वाळल्यावर दिसत नाही. लेप दिल्यावर मात्र तिथेच फिकट डाग पडतो. गोंद रबरासारखा घट्ट होईपर्यंत थांबून पटाशीच्या सपाट बाजूने उचलून काढला.

७ नोव्हेंबर

आज चौकटींचे दर्शनी भाग. आधी प्रत्येक सांध्यावर टर्पेंटाइनचे फडके फिरवून पाहिले. ओल्या लाकडाचा रंग गडद होतो आणि जिथे गोंद मुरला असेल, तेवढाच तुकडा कोरडा आणि फिकट राहतो. दोन सांध्यांवर असे ठिपके निघाले. ते पटाशीने अलगद खरवडून घेतले आणि टर्पेंटाइन पूर्ण उडून जाईपर्यंत ती दारे बाजूला ठेवली.

चौकटीच्या सांध्यात उभ्या पट्टीचे रेषे एका दिशेला आणि आडव्या पट्टीचे त्याला काटकोनात जातात, त्यामुळे एका पट्टीवर रेषांच्या दिशेने मारलेला हात दुसरीवर आडवा ओरखडा ठरतो. यावर क्रमाचा उपाय आहे. आडव्या पट्ट्या आधी घासायच्या आणि घासताना उभ्या पट्टीवर थोडे गेले तरी चालू द्यायचे. मग उभ्या पट्ट्या त्यांच्या रेषांच्या दिशेने घासायच्या आणि सांध्याच्या रेघेवर नेमके थांबायचे. शेवटच्या क्रमांकाला ही रेघ राखण्यासाठी आडव्या पट्टीवर, सांध्याला लागून, कागदी चिकटपट्टी लावली.

मोठा भाग १२५ मिमी चकतीच्या रँडम ऑर्बिटल सँडरने (चकती फिरवत आणि कंपवत घासणाऱ्या यंत्राने) केला. यंत्राचे वजन पुरेसे असते, वरून दाबायचे नाही. दाबले की चकतीची फिरकी मंदावते, फक्त कंप उरतो आणि लाकडावर गोल गोल वळसे उमटतात. सँडर सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जोरात सरकवायचा नाही. हा वेग हाताला कंटाळवाणा वाटतो, पण घासाई एकसारखी होते ती यानेच. प्रत्येक क्रमांकापूर्वी पृष्ठभागावर पेन्सिलीच्या फिकट नागमोडी रेघा ओढल्या आणि त्या सगळ्या गेल्यावरच पुढचा पेपर लावला. दोन क्रमांकांच्या मध्ये धूळ ओढून घेणेही तितकेच आवश्यक आहे, कारण मागच्या पेपरचा एखादा सुटलेला जाड कण नव्या चकतीखाली अडकला, तर तो शेपटीसारखे ओरखडे ओढत जातो.

कडांचे नुकसान होते ते खरे तर याच टप्प्यावर, कडांना हात लावण्यापूर्वी. सँडर दाराच्या बाहेर अर्ध्याहून अधिक गेला, की तो कलंडतो आणि काठाजवळचा पट्टा उतरता होतो. हा उतार मऊ गोलाईसारखा भासतो, पण तो फसवा असतो: दार शेजारच्या दाराच्या रेषेत लावल्यावर दोघांमधली फट एका ठिकाणी अरुंद आणि दुसरीकडे रुंद दिसते. म्हणून चकतीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग बाहेर जाऊ दिला नाही, आणि दाराच्या चारही बाजूंना त्याच जाडीच्या टाकाऊ पट्ट्या क्लॅम्पने लावून घेतल्या, म्हणजे चकतीला काठाच्या पुढेही आधार मिळाला. पट्ट्या लावायला वेळ जातो. तो वेळ मी खर्ची घालतो.

शेवटचा हात पी१८० चा, ठोकळ्यावर, रेषांच्या दिशेने, सरळ. त्यानंतर खोलीतला दिवा बंद करून एक दिवा दाराला जवळजवळ टेकवून, पृष्ठभागाला समांतर प्रकाश पडेल असा धरला. वरून पडणाऱ्या उजेडात निर्दोष दिसलेल्या एका उभ्या पट्टीवर सँडरचे बारीक वळसे लखलखीत दिसले. ती पट्टी पुन्हा पी१५० वर नेली.

पी१८० वर का थांबायचे, हेही नोंदवून ठेवतो. तेलासारख्या मुरणाऱ्या लेपासाठी मी पी३२० पर्यंत जातो, परंतु वॉटरबेस लेपाला पकड हवी असते. लाकूड काचेसारखे गुळगुळीत केले, तर लेपाला धरायला जागा उरत नाही. अपवाद फक्त उभ्या पट्ट्यांच्या टोकांचा. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या तोंडाने बाहेर येतात, लेप शोषून घेतात आणि गडद होतात. ती टोके पी३२० पर्यंत घासून त्यांची भूक कमी केली.

धुळीबद्दल एकच सांगायचे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि त्याविषयीचा खंड १९९५ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. सँडरला व्हॅक्यूम जोडलेला होता तरीही एन९५ मास्क काम संपेपर्यंत काढला नाही, आणि झाडू मारताना तर मुळीच नाही, कारण सर्वांत बारीक धूळ हवेत उडते ती तेव्हाच.

८ नोव्हेंबर

व्हिनियरची ४ दारे. व्हिनियर जेमतेम अर्धा मिमी जाडीचा असतो, आणि लिपिंगची पट्टी त्याच्याशी समपातळीत आणायची असते, म्हणून इथे यंत्र बाजूला ठेवले. जिथे पट्टी व्हिनियरला मिळते, तिथे व्हिनियरवर पेन्सिलीने दाट रेघा ओढल्या. पट्टी आधी छोट्या रंध्याने केसभर उंच राहील इतपत उतरवली आणि मग लांब ठोकळ्यावर पी१५० लावून घासत गेलो. पेन्सिलीची रेघ फिकट व्हायला लागली, की पट्टी आणि व्हिनियर एका पातळीवर आले. तिथेच थांबायचे. आणखी चार हात मारण्याचा मोह होतो आणि त्या चार हातांतच खालच्या थराचा वेगळा रंग ढगासारखा वर येतो.

एका दाराच्या लिपिंगवर ने-आण करताना दबून पडलेला खळगा होता. अशा ठिकाणी लांबी (पुट्टी) भरण्याची घाई करू नये. रेषे तुटलेले नसतील, फक्त दबलेले असतील, तर ओले सुती फडके ठेवून त्यावर गरम इस्त्रीचे टोक काही क्षण टेकवले, की वाफेने ते फुगून वर येतात. खळगा जवळजवळ भरून आला. ती जागा पूर्ण वाळेपर्यंत घासायची नाही, नाहीतर फुगलेले लाकूड कापले जाऊन वाळल्यावर तिथे पुन्हा खोलगट पडते. व्हिनियरवर मात्र हा उपाय जपून करावा लागतो, कारण वाफेने त्याखालचा गोंद सुटू शकतो.

१० नोव्हेंबर

आज फक्त कडा.

सुरुवातीला दारे तात्पुरती बिजागऱ्यांवर चढवून फटी पाहिल्या आणि खुणा करून उतरवली. कडांना गोलाई दिल्यानंतर रंधा मारावा लागला, तर सगळे काम वाया जाते. बिजागरीच्या कपांची ३५ मिमीची भोकेही आधीच पाडून घेतली आहेत.

पद्धत अशी ठेवली. कॉर्कचा तळ असलेल्या ठोकळ्यावर पी१५०. ठोकळा धारेवर ४५ अंशांत धरून कडेच्या संपूर्ण लांबीवर, न थांबता, एका दाबाने ओढायचा. त्यातून साधारण १ मिमी रुंदीचा तिरका पट्टा पडतो आणि आता एका तीक्ष्ण धारेच्या जागी दोन बोथट धारा असतात. दुसरा हात दर्शनी भागाकडच्या धारेवर, तिसरा जाडीकडच्या धारेवर, कोन मूळ कोनाच्या निम्मा. इथवर कड दिसायला अजून पैलूदार असते. मग पी२२० चा पेपर तीन पदरी घडी करून तळहातात धरायचा आणि कडेभोवती वळवत हलक्या हाताने पुढे न्यायचा. पैलू विरघळून एक सलग गोलाई होते. ठोकळा आधी, हात नंतर, हा क्रम बदलत नाही. नुसत्या बोटांनी सुरुवात केली, तर मऊ वलयांच्या ठिकाणी बोट खोल जाते, कठीण वलयांवर वर राहते, आणि कड लाटांसारखी होते.

राउटरला (फिरत्या पात्याने कडा कोरणाऱ्या यंत्राला) २ मिमी त्रिज्येचे पाते लावून हेच काम लवकर झाले असते. साग मात्र धारेला सिलिकामुळे लवकर बोथट करतो, आणि बोथट पाते रेषे उलटे फिरतात तिथे कपची उडवते. शिवाय राउटरची गोलाई प्रत्येक कडेला सारखीच होते, तर मला ती सारखी नको आहे. हाताच्या बोटांना भेटणारी, म्हणजे बिजागरीच्या समोरची उभी कड पूर्ण १.५ मिमी गोल केली. दोन दारे एकमेकांना भेटतात तिथे १ मिमीच ठेवली, कारण दोन्हीकडच्या गोलाया मिळून फट डोळ्यांना रुंद भासते. मागच्या बाजूच्या धारेला पी२२० चे दोन हलके हात पुरे झाले. चौकटीची आतली धार, पॅनलला लागून असलेली, सर्वांत कमी.

कोपरे हा वेगळा विषय आहे. तीन धारा जिथे मिळतात, त्या टोकावर लेप तीन दिशांनी ओढला जातो, म्हणून तिथे गोलाई हवीच. पण तिथे पेपर इतका भराभर कापतो, की एका हाताचाही फरक दिसतो. कडा पूर्ण झाल्यावर प्रत्येक टोकाला पी२२० एकदा गोल फिरवून टेकवला आणि सोडून दिला. कोपरा समोरून पाहता चौकोनी दिसावा, बोटाला मात्र टोचू नये.

सहकारी आणि मी दोघेही कडांवर काम करत होतो. दोघांच्या हाताचा दाब वेगळा असतो, त्यामुळे दारे वाटून न घेता कडा वाटून घेतल्या: सर्व १२ दारांच्या उभ्या कडा एकाने, आडव्या दुसऱ्याने. शेजारी शेजारी लागलेल्या दारांत नजर नेहमी उभी कड उभ्या कडेशी ताडून पाहते, म्हणून त्या सगळ्या एका हाताच्या असल्या पाहिजेत.

वरच्या-खालच्या आडव्या कडांवर उभ्या पट्ट्यांची टोके येतात. तिथे पेपर कडेच्या दिशेने बाहेर ढकलला, तर शेवटच्या रेषांची कपची निघते; नेहमी बाहेरून आत यायचे. दाराची खालची कड दिसत नाही म्हणून बहुतेक वेळा राहून जाते. पुसल्यानंतर पाण्याचे थेंब लोंबतात ते तिथेच, त्यामुळे मी तिला दर्शनी कडेइतकाच वेळ देतो. बिजागरीच्या कपांच्या भोकांच्या काठांवरही पी२२० ची सुरळी फिरवली.

तपासणीसाठी जुने, विरलेले सुती फडके कडेवरून अलगद ओढले. जिथे कुसळ उभे आहे, तिथे धागा अडकतो. बोटांना गुळगुळीत लागलेल्या एका कडेवर असा धागा अडकला आणि त्याच्या टोकाशी केसाहून बारीक उभे कुसळ दिसले. ते ओढून तोडले असते, तर रेषांच्या दिशेने खोलवर फाटत गेले असते, म्हणून त्याखाली गोंदाचा थेंब सरकवून चिकटपट्टीने दाबून ठेवले आहे.

११ नोव्हेंबर

वॉटरबेस लेपातील पाण्याने लाकडाचे दबलेले रेषे उभे राहतात आणि पहिला हात वाळल्यावर पृष्ठभाग खरखरीत होतो. ते आधीच उठवून घेतले. स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला स्पंज दाराच्या सर्व बाजूंवर, कडांसह, एकसारखा फिरवला. एकाच बाजूला पाणी लावले, तर दार वाकण्याची भीती असते.

१२ नोव्हेंबर

रात्रभर वाळलेल्या कडा दर्शनी भागापेक्षा अधिक खरखरीत झाल्या होत्या, कारण गोलाई देताना तिथले रेषे तिरके कापले जातात. झिजलेला पी२२० घेऊन फक्त उभी लव उडवली. इथे जोर केला, तर नव्याने रेषे उघडे पडतात आणि पाणी लावण्याचा उद्देशच संपतो. धूळ आधी ब्रशच्या व्हॅक्यूमने, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरने काढली. सागात नैसर्गिक तेल असते आणि ते लेपाची पकड बिघडवू शकते, म्हणून शेवटी स्पिरिटचे फडके फिरवून ते उडाल्यावर लगेच लेप सुरू केला. लोखंडी ऊल या कामात कुठेही वापरलेला नाही. त्याचा एखादा तंतू रंध्रात राहिला, तर पाण्याच्या लेपाखाली गंजाचा डाग पडतो.

ब्रश मधून कडेकडे नेला. बाहेरून आत ओढला, तर धारेवर ब्रश पिळला जातो आणि ओघळ खाली उतरतो. टोकांना पहिला हात शोषला गेल्यावर लगेच दुसरा दिला.

१४ नोव्हेंबर

दोन हातांमधली घासाई पी३२० ने, पण कडांपासून साधारण अर्धा सेंटिमीटर आत थांबून. कडांवर फक्त राखाडी न विणलेला पॅड, एकदाच. पेपरवर जमणारी धूळ पाहत राहायचे: पांढरी असली, तर लेपच घासला जात आहे, तपकिरी छटा दिसली, की कड उघडी पडली. सर्व कडांवर धूळ पांढरीच निघाली. फक्त कुसळ चिकटवलेल्या जागी गोंदामुळे लेप थोडा जाड बसला होता, तो ठोकळ्याने उतरवला. संध्याकाळी दुसरा हात दिला. तिसरा हात फक्त हात लागणाऱ्या उभ्या कडांना आणि खालच्या कडांना द्यायचा आहे, आणि लेप पूर्ण कठीण होईपर्यंत दारे बिजागऱ्यांवर चढवायची नाहीत.